तुतारीवाल्याची फुंक

“कारण अज्ञात... कोणाला अज्ञात?”

सबनीस सरांनी फाइलमधून मान वर न करता विचारलं.

“वैद्यकशास्त्राला, सर,” डॉ. विरुपाक्ष हिरेमठ म्हणाला.

म्हणजे साहेबांनी थेट शास्त्राच्या वतीनेच उत्तर दिलं. एमडीला सुवर्णपदक मिळालेलं, आता मेंदूविकारांचा पुढचा अभ्यास चाललेला. आपल्या हातून तपासणी अर्धवट राहत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती. सबनीस सर शहात्तर वर्षांचे. निवृत्त झाले तरी दर मंगळवारी वॉर्डात यायचे आणि एकच रुग्ण बघून जायचे.

आजचा रुग्ण तानाजी जावीर. वय एकोणचाळीस, आटपाडीकडचा तुतारीवाला. नऊ दिवसांपूर्वी एका लग्नात वरात दारात आली, याने तुतारी तोंडाला लावून लांब सूर ओढला आणि जागीच कोसळला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, दुसऱ्याचं बोलणंही कळेनासं झालं.

“मानेतल्या रक्तवाहिन्या?”

“स्वच्छ आहेत.”

“हृदयाचे ठोके?”

“तीन दिवस यंत्र लावून मोजले. लय कुठेही बिघडली नाही.”

“हृदयाच्या पडद्याला फट?”

“बुडबुड्यांची तपासणी कालच केली, सर. नाही.”

सरांनी फाइल मिटून हिरेमठच्या हातात दिली.

कॉटजवळ उभ्या असलेल्या तानाजीच्या बायकोने, सुंदराने, तेवढ्यात विचारून घेतलं. “सायेब, उद्या घरी सोडत्यात म्हनं. ह्ये परत व्हईल का वो?”

हिरेमठ फाइल चाळू लागला. दुसरा झटका आला तर उरलेलं अंगही जाईल, हे त्याला ठाऊक होतं. पण पहिला कशाने आला तेच ठाऊक नाही, तर दुसरा अडवायचा कसा?

“ती बुडबुड्यांची तपासणी पुन्हा करू,” सर म्हणाले.

“रिपोर्ट नॉर्मल आहे, सर.”

“असू दे. मला बघायचंय.”

तपासणी तशी साधी. सलाइनमध्ये थोडी हवा घुसळून ते हाताच्या शिरेत सोडायचं. बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूला येतात, पुढे फुप्फुसात जिरून जातात. पडद्याला फट असेल तर मात्र ते डावीकडे निसटतात; गुठळीही तशीच निसटून मेंदूत जाऊ शकते. फट एरवी मिटलेली असते. रुग्णाने दम कोंडून जोर लावला आणि सोडला की उघडते.

“तानाजी, दम धरा. जोर लावा... आता सोडा,” हिरेमठ म्हणाला.

तानाजीने मान डोलावली. यंत्राच्या पडद्यावर बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूला आले आणि विरले.

“बघा सर. कालही असंच.”

“त्याने जोर लावला?”

“मान हलवली ना त्याने...”

हिरेमठ बोलता बोलता थांबला.

“मान ते समद्यालाच हालिवत्यात,” सुंदरा म्हणाली. “च्या पायजे का म्हटलं तरी, आन् नगं का म्हटलं तरी.”

सर तानाजीच्या समोर जाऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत. मूठ वळून तोंडाला लावली, गाल फुगवले आणि फुंकले. फुस्स...

तानाजी बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. ती चक्क नापसंती होती. कसबी माणसाला असला गबाळेपणा बघवत नाही. त्याने डाव्या हाताने सरांची मूठ बाजूला सारली आणि आपली मूठ ओठांना लावली. उजवा गाल लुळा होता, त्यातून वारा निसटायला लागला. सुंदराने पटकन पुढे होऊन तो गाल तळव्याने दाबून धरला.

तानाजीने फुंकलं. मानेच्या शिरा टरारल्या, चेहरा लाल झाला.

“हं, सोड बुडबुडे,” सर हळूच म्हणाले.

तानाजीचा दम सुटला, मूठ उघडली. आणि मूठभर राजगिरा उधळावा तसे हृदयाच्या डाव्या बाजूला पांढरे ठिपके पसरले.

“सर... सर, हे बघा! सापडलं!”

हिरेमठने यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. पदक मिळालं तेव्हाही त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

“दार सापडलं,” सर म्हणाले. “असं दार चार माणसांत एकाला असतं. तुलाही असेल. तू कोसळलास का?”

हिरेमठचा चेहरा पडला. पण क्षणभरच.

“म्हणजे दारातून आलेली गुठळी... ती आली कुठून?”

हे त्याने सरांना विचारलं नव्हतं. त्याने तानाजीच्या पायांवरची चादर ओढली. उजवा पाय तो नऊ दिवस रोज तपासत होता. आज डावा बघितला. पोटरी तटतटली होती. टेप लावली, तर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त.

“त्यो आधीपसनंच हाय,” सुंदरा म्हणाली. “सुरतेस्नं टेम्पोत चौदा तास पाय मुडपून आल्ते. तवाधरनं दुखतोय म्हनत हुते.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी पडल्याला पाय इचारला.”

हिरेमठने सोनोग्राफीच्या यंत्राचा प्रोब पोटरीवर धरून दाबला. निरोगी शीर दाबली की मिटते. ही मिटेना. आत गुठळी बसली होती, पुढच्या फुंकेची वाट बघत.

“ताई,” हिरेमठ म्हणाला, “उद्या घरी नाही सोडत. ही गुठळी वाढू नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध आजच सुरू करू. हृदयातलं ते दारही बंद करता येतं. परत होऊ नये म्हणून काय करायचं, ते आता कळलंय.”

सुंदराने नऊ दिवसांचं रडू तिथेच रडून घेतलं. तानाजी तिच्याकडे बघून मान डोलवत राहिला.

सर दाराशी चपला घालत होते. हिरेमठ धावत त्यांच्या मागे गेला.

“सर, तुम्हाला आधीच माहीत होतं ना?”

“माहीत असतं, तर बघायला कशाला आलो असतो?”