टिवलीची झोळी उसवली

ऐका हं ऐका, कान इकडे करा!

बदामाच्या झाडावर एक शिंपीण राहायची. शिंपीण म्हणजे इवलासा पक्षी. शेपटी वर, चोच सुईसारखी. नाव तिचं टिवली. टिवलीने मोठं पान शिवलं. त्याची झोळी केली. झोळीत दोन अंडी.

वारा सुटला. सूं सूं! धागा तुटला. तट्! झोळी उसवली. अंडी लागली घरंगळायला.

टिवलीच्या नवऱ्याने पटकन पान चोचीत धरलं.

"म् म् म्!" म्हणजे, लवकर धागा आण गं, चोच दुखते!

टिवली उडाली. भुर्र भुर्र!

विणकरीण गोदाकाकू मागापाशी बसली होती. हातावर हात ठेवून.

"काकू, काकू, धागा द्या!
धागा काही मिळेना,
झोळी माझी टिकेना!"

काकूने नाक मुरडलं. "हॅट! पान शिवणं हे काय काम? काम म्हणजे विणणं! माग चालला की धाग्याचा तुकडा पडेल, तो घे. पण मागाचा पाय मोडलाय. अंगावर पडेल माझ्या! आधी सुताराला सांग."

"तुम्ही नाही सांगितलं?"

"मी कशाला जाऊ? त्याला कळायला नको?"

भुर्र भुर्र!

सुतार भैरूमामा बसला होता. हातावर हात ठेवून.

"मामा, मामा, पाय बसवा!
विणकरीण माग चालवीना,
धागा काही मिळेना,
झोळी माझी टिकेना!"

मामा फिस्सकन हसला. "हॅट! पान शिवणं हे काय काम? काम म्हणजे ठोकणं! पण हातोडीचं डोकं ढिलं झालंय. उडालं तर कपाळ फुटेल! आधी लोहाराला सांग. पाचर ठोकली की बसेल घट्ट."

"तुम्ही नाही सांगितलं?"

"मी कशाला जाऊ? त्याला कळायला नको?"

भुर्र भुर्र!

लोहार यमाजीअण्णा बसला होता. हातावर हात ठेवून.

"अण्णा, अण्णा, पाचर घडवा!
सुतार पाय बसवीना,
विणकरीण माग चालवीना,
धागा काही मिळेना,
झोळी माझी टिकेना!"

अण्णाने मिशी फुगवली. "हॅट! पान शिवणं हे काय काम? काम म्हणजे लोखंड तापवणं! पण हातमोजा फाटलाय. हात भाजेल माझा! आधी मोच्याला सांग."

"तुम्ही नाही सांगितलं?"

"मी कशाला जाऊ? त्याला कळायला नको?"

भुर्र भुर्र!

मोची सखादादा बसला होता. बोट वर करून.

"दादा, दादा, मोजा शिवा!
लोहार पाचर घडवीना,
सुतार पाय बसवीना,
विणकरीण माग चालवीना,
धागा काही मिळेना,
झोळी माझी टिकेना!"

"हॅट! पान शिवणं हे काय काम? काम म्हणजे चामडं शिवणं! पण बोटात काटा गेलाय. आरी धरवत नाही. आधी वैदूला बोलव. नदीपलीकडे राहतो."

तिकडे झाडावर, "म् म् म्! म् म् म्!"

"नदीपलीकडे? तोवर अंडी पडतील माझी! बोट पुढे करा!"

"तू काढणार? एवढीशी? हॅ..."

चोच आत, काटा बाहेर. टुच!

"आई गं!"

"एवढे मोठे दादा, आणि रडता?"

दादाने गुपचूप मोजा शिवला. सर्र सर्र!
अण्णाने मोजा घातला, पाचर घडवली. ठण ठण!
मामाने हातोडी पक्की केली, पाय बसवला. ठक ठक!
काकूने माग चालवला. खटक खटक!

धाग्याचा तुकडा पडला. टिवलीने उचलला. भुर्रऽऽ!

टाका आत, टाका बाहेर. झोळी झाली घट्ट. अंडी आत सुखात. नवऱ्याने पान सोडलं. "हुश्श!"

मग चौघेही झाडाखाली आले. बघतात तर काय? टिवली झोळीत बसलेली.

"हॅट!" काकू म्हणाली. "आता नुसतीच बसलीस होय? काम नाही वाटतं?"

"बसणं हेच काम!" टिवली म्हणाली. "अंडी उबवते आहे. जमेल तुम्हाला?"

काकूने मामाकडे पाहिलं. मामाने अण्णाकडे पाहिलं. अण्णाने दादाकडे पाहिलं.

दादा म्हणाला, "नाही बुवा!"

"मग शूऽऽ! आवाज नको. इथे काम चाललंय!"

चौघे वळले. चवड्यांवर निघाले.

हळू... हळू... हळू...