भाऊबीजेची ड्युटी

"तुम्हीच सांगा शेठ, भरवसा ठेवायचा तरी कुणावर?"

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचे नवे अधीक्षक, डॉक्टर चितळकर, वैतागून मला विचारत होते. मी पडलो फिनेल-झाडू पुरवणारा दुकानदार. मी काय बोलणार? मी आपलं शेजारी बसलेल्या घुगे मेट्रनकडे बघितलं.

डॉक्टरांनी अंगठ्याचं मशीन बसवलं होतं. पाच मिनिटं उशीर झाला की मेमो. महिन्याभरात बाळंतपणाच्या वॉर्डातल्या तिन्ही सिस्टरांनी बदलीचे अर्ज टाकले. त्या गेल्या की वॉर्डाला कुलूप. मग अडलेल्या बाईला पन्नास किलोमीटर जीपमधून न्यायचं.

"मॅनेजमेंट शिकून आलोय मी, मेट्रन. तुम्ही असं काय शिकलात, की मी येईपर्यंत सव्वीस वर्षांत तुमच्या हाताखालून एकीनंही बदली मागितली नाही?"

"काही नाही हो साहेब. ड्युटी लिस्ट लावते."

"ती तर क्लार्कही लावेल!"

"मग दिवाळीची तुम्ही लावा."

मेट्रननी कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर पुढे सरकवलं.

डॉक्टरांनी झरझर लिहिलं. भाऊबीजेला तिन्ही सिस्टर. डॉक्टर म्हणून सरकारी बॉण्डवर आलेले नवखे डॉक्टर तडवी.

"झालं. यात काय आहे?"

मेट्रननी कागद वाचला. तिघींतल्या इंगोले सिस्टरचं नाव खोडलं. तिथं स्वतःचं लिहिलं.

"अहो, तुम्हाला वॉर्डाची ड्युटी नसते!"

"नसते."

"दर वर्षी करता?"

"भाऊबीजेची करते."

"आणि तुमचा भाऊ?"

"तो येतो की इथं, फराळाचा डबा घेऊन. पाट नाही, स्टुलावर बसवते. गेल्या वर्षी चार बाळंतिणींनीही ओवाळलं त्याला. परतीच्या एसटीचे पैसे मी दिले!"

डॉक्टर खो खो हसले. मग हसू ओसरलं...

मेट्रननी खोडरबर त्यांच्याकडे ढकललं.

डॉक्टरांनी ते उचललं.

तडवींचं नाव खोडलं गेलं. तिथं 'चितळकर' आलं. अक्षर जरा वाकडंच.

चाळीस वर्षं दुकानात बसून माणसं पारखतोय मी. पण एक शब्द न बोलता माणूस असा वळवलेला तोवर पाहिला नव्हता.

"एवढ्यानं त्या तिघी अर्ज मागे घेतील?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"ते मी कसं सांगू, साहेब?... त्या दिवशी आलात, तर माझ्या जुन्या मस्टरवर सही करा. नाही आलात, तर आपल्या नावापुढं गैरहजेरीची लाल रेघ आपल्याच हातानं मारा."