चेहरे राहिलेलं चित्र

रुसून बसलेल्या माणसासाठी दिवस कधी थांबतो का हो? ऐका तर मग.

फार पूर्वी इराण देशात दोघे भाऊ राजाच्या पोथीसाठी चित्रं काढत. पोथीत जुन्या राजांच्या लढायांची गाथा होती. चित्रं तळहाताएवढीच, पण त्यात घोडे, तंबू, फुललेली बदामाची झाडं, सगळं मावे. हे सगळं थोरला रेखाटून रंगवी. चेहरे मात्र धाकट्याचे. ते अगदी शेवटी काढायचे, अशी तिथली रीतच होती.

एकदा भर दरबारात राजाने चित्राची वाहवा केली. थोरला मान लववून उभा राहिला. ‘चेहरे माझ्या भावाचे’ एवढं म्हणायचं त्याला सुचलं नाही. धाकट्याच्या मनात ते सलत राहिलं.

पुढचं चित्र होतं लढाईनंतर एकमेकांच्या गळ्यात पडणाऱ्या दोन भावांचं. थोरल्याने आपलं काम संपवून कागद पाठवला. धाकट्याने तो तसाच फळीवर ठेवून दिला.

वहिनी आली. “भाऊजी, यांची नजर जातेय. काल भिंतीला धडकले. म्हणतात, एवढं चित्र पुरं झालेलं बघू दे.”

“दादाची सोंगं मला नवी नाहीत, वहिनी. दरबारात माझे चेहरे तेवढे दिसले नाहीत त्याला!”

“चुकलंच त्यांचं. पण भाऊजी, चित्रातल्या भावांची गळाभेट करवता, आणि स्वतः?”

“त्याने इथे येऊन ‘चुकलो’ म्हणावं. लगेच कुंचला उचलतो.”

थोरलाही काही कमी हट्टी नव्हता. “मोठा मी, आणि मीच जाऊ?” म्हणत तोही घरी बसून राहिला.

बदामाचा बहर झडला, झाडांना बदाम लागले. मग एके दिवशी बायकोचा हात धरून, पायाने उंबरठा चाचपत थोरला आला.

“चुकलो रे. आता तरी काढ.”

धाकट्याने त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही. धाकट्याने फळीवरचा कागद खाली काढला. मग डोळे पुसत पुसत त्याने ते दोन चेहरे काढले. असे चेहरे त्याच्या हातून पूर्वी कधी उतरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चित्र थोरल्याच्या हातात दिलं. कागद घोटून काचेसारखा गुळगुळीत केलेला. रंग कुठे आहे, कुठे नाही, बोटाला काही कळेना. थोरल्याने सगळ्या पानावरून हात फिरवला आणि विचारलं, “चेहरे कुठेशी आहेत रे?” धाकट्याने त्याचं बोट धरून तिथे ठेवलं.

तात्पर्य एवढंच: उशिरा मागितलेली माफी मिळते, पण रुसव्यात गेलेली वेळ मिळत नाही.