घारपुरे सरांचा फोल्डर

विद्यापीठाच्या सर्व्हरवर प्रत्येक प्राध्यापकाने प्रश्नपत्रिका आपल्याच फोल्डरमध्ये टाकायची. दुसऱ्याचा फोल्डर त्याला दिसतच नसे. ही सोय सर्व्हर सांभाळणाऱ्या सुनेत्रा लोणकरच्या डोक्यातली. एके दिवशी प्राचार्य घारपुरे तावातावाने तिच्या टेबलाशी आले.

"तीस वर्षं पेपर काढतोय मी. मला एका खणात कोंडता? सगळे फोल्डर उघडून द्या."

एवढ्या मोठ्या माणसाला नाही कोण म्हणणार? सुनेत्रानेही नकार दिला नाही. तिने कागद पुढे केला.

"लगेच उघडते, सर. या अर्जावर सही करा. आज तुमच्यावर एकाच पेपरची जबाबदारी आहे. उद्या कुठलाही पेपर फुटला, तरी चौकशीच्या यादीत तुमचं नाव असेल."

सरांनी उघडलेलं पेन पुन्हा खिशाला लावलं. दारापर्यंत गेले, वळले आणि हळूच म्हणाले, "बाई, माझा फोल्डर आणखी लहान करता येईल का?"