बारा माफीनामे

तांबळगड संस्थानच्या राजेसाहेबांना कोर्टात हरायची सवय नव्हती. रयतेने लागोपाठ दोन दावे जिंकले, तेव्हा त्यांनी हुकूमच काढला: दरबाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलांनी माफीनामा लिहून द्यावा आणि दरबारचं काम फुकट करावं, नाहीतर कोर्टाची पायरी चढू नये. आठवडाभरात बारा नामांकित वकिलांनी सह्या केल्या. उरली एकटी मथुरा दळवी. तिचे अशील विश्राम मास्तर राजाविरुद्ध लेख लिहिला म्हणून तुरुंगात होते आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची सुनावणी होती.

राजेसाहेबांनी भरदरबारात, त्या बारा वकिलांदेखत, तिच्यापुढे कागद सरकवला. "बाई, करा सही. मोठेमोठे वाकले, तुम्ही कोण लागून गेलात? उद्या मास्तरांच्या बाजूने बोलणार कोण?"

मथुरेचा हात लेखणीपर्यंत गेला. मास्तरांना खरंच दुसरं कोणी नव्हतं. पण तिने मान वर करून विचारलं, "सरकार, शेजारच्या संस्थानाशी आपला हद्दीचा दावा चाललाय. तो कोण लढणार?"

"या बाराजणांपैकीच कोणीतरी!"

"हे एका धमकीत आपले झाले, सरकार. शेजारच्या राजांनीही धमकी दिली, तर कोणाचे होतील?"

राजेसाहेबांनी समोरच्या बारा खाली घातलेल्या माना एकेक करून पाहिल्या आणि हुकूम मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मथुरेने बाजू मांडली आणि मास्तर सुटले. दिवाणजींनी वकिलांना निरोप धाडला, की आपापले माफीनामे परत घेऊन जा. एकही फिरकला नाही.

"असू द्या तिथेच," त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ वकील म्हणाले. "पुढच्या हुकमाला उपयोगी पडतील."