टिटवीचं कुंपण

पशुपाखरं एकाच पंचायतीत बसत, त्या काळची गोष्ट. तळ्याकाठच्या उघड्या खडीवर टिटवीनं अंडी घातली होती. पाण्यावर निघालेल्या म्हशीचा खूर एका अंड्यावर पडला. टिटवीनं सारं रान डोक्यावर घेतलं आणि बाभळीकडून काठभर काट्यांचं कुंपण घालून घेतलं. म्हैस, शेळी, ससा, सगळ्यांचीच वाट बंद झाली.

"टिटवे, रेडकं तहानली आहेत गं," म्हैस म्हणाली.

"दुसरं पाणी बघा!"

वर्ष सरलं. चरायला कोणी नाही, तुडवायला कोणी नाही. गवत म्हशीच्या पाठीला लागेल एवढं वाढलं. अंडी घालायची वेळ आली, तर टिटवीला वीतभर उघडी जमीन सापडेना. गवतात अंडी घालणं तिला ठाऊकच नव्हतं. दोन दिवस घिरट्या घालून शेवटी ती म्हशीकडे गेली.

"म्हशीबाई, बाभळीला काटे काढायला सांगितलेत. या."

"आणि तुझी अंडी?"

"पाय कुठं ठेवायचा, ते मी सांगेन."

आजही तळ्यावर कोणी आलं की टिटवी ओरडत सुटते. लोकांना वाटतं, हाकलतेय. ती बिचारी सांगत असते, "या, या, पण जरा बाजूनं."