एकाच वाणाचा डोंगर

“पण बाई, माझ्या वाणावर तांबेरा आलाच कसा?”

निशिकांत दळवेनं कॉफीचं पान उलटं करून पुढे धरलं. पानामागे नारिंगी भुकटीचे ठिपके उमटले होते.

लीलाबाई ठोसरांनी जन्मभर पीकपैदास शिकवली होती. आता त्या चिखलदऱ्याला, सिल्व्हर ओकच्या सावलीत एकट्याच राहत. निशिकांत त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. तांबेरा, म्हणजे पानं गाळणारी बुरशी, ज्याला शिवत नाही असं कॉफीचं वाण त्यानं काढलं, तेव्हा त्याचं नाव दूरवर गेलं. शेजारच्या गावानं त्याच्या शब्दावर जुनी, मिश्र वाणांची झाडं उपटली आणि अख्ख्या डोंगरावर तेच एक वाण लावलं.

बाईंनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, “सगळी उपटली?”

तो नुसता हसला होता.

“रोपं देताना भेसळ झाली असेल,” आता तो म्हणाला.

“तपासलंस?”

“तपासलं…” त्याची मान खाली गेली. “भेसळ नाही.”

“चल.”

बाई काठी टेकत डोंगर चढल्या. पायाखाली गळलेल्या पानांचा थर होता. झुडपांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, त्यांवर हिरवी फळं सुकून काळी पडलेली. गावातली एक म्हातारी बांधावर बसली होती. तिनं निशिकांतकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

 तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानं मूठभर रोगट पानं ओरबाडली, जमिनीवर फेकली आणि त्यांवर टाच उचलली.

बाईंनी काठी आडवी धरली.

मग त्या कष्टानं वाकल्या. त्यातलं एक पान उचललं, तळहातावर उलटं ठेवलं. भुकटी बोटांना लागली. ते पान त्यांनी जवळच्या दगडावर ठेवलं आणि त्यापुढे हात जोडले.

“बाई!” निशिकांत ओरडला. “गाव बुडवलं त्यानं! माझं वाण पहिल्या दिवशी होतं तसंच आजही आहे, तसूभर बदललं नाही. आणि तुम्ही त्या रोगाला नमस्कार करता?”

बाईंचे डोळे मिटलेलेच होते…

“कुणापुढे हात जोडताय तुम्ही?” त्याचा आवाज फुटला.

“जो अजून शिकतोय, त्याच्यापुढे.”